थाई व्हेज करी दर वेळी पाणीदार आणि फिकी होते? भाज्या टाकण्याआधीची दहा मिनिटं तपासा

नारळाचं दूध घट्ट, भाज्या ताज्या, करी पेस्टही चांगली, आणि तरी वाटीत येतं ते गोडसर, पांढुरकं, उकडलेल्या भाज्यांचं पाणी. मग वरून मीठ पडतं. मग साखर. मग अजून एक चमचा पेस्ट, तीही उकळत्या दुधात. शेवटी करी खारट होते, गोड होते, तिखट होते, फक्त थाई होत नाही.

या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात, आणि दोन्ही एकत्र आली की एकमेकांना झाकतात. पहिलं म्हणजे पेस्ट तेलात परतलेली नसते, नुसती दुधात उकडलेली असते. दुसरं म्हणजे करी विगन (प्राणिजन्य काहीच नसलेली) करायची म्हणून झिंग्याची पेस्ट आणि फिश सॉस वगळले जातात, पण त्यांचं काम करणारं काहीच आत येत नाही. भाज्यांचं पाणी सुटणं, दूध फाटणं, रंग जाणं हे त्रासही खरेच. पण वरची दोन कामं झाली नसतील तर बाकी कितीही दुरुस्ती केली तरी चव जागेवर येत नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

करी आचेवर असतानाच एक पळी रस वाटीत काढा आणि थोडा निवू द्या. कढत रसाची चव घेतली तर तिखटापलीकडे काही कळत नाही.

आता वास घ्या. कच्च्या लसणाचा, कच्च्या कांद्याचा उग्र वास येतोय? मग पेस्ट परतली गेलेली नाही. वास ठीक आहे, पण घोट गिळताच चव संपते, जिभेवर काही रेंगाळत नाही? त्याच वाटीत चार थेंब सोया सॉस टाकून पुन्हा चाखा. चव एकदम भरून आली तर उणीव मिठाची नव्हे, उमामीची, म्हणजे तोंडात भरून राहणाऱ्या चवीची आहे. चव सगळी बरोबर आहे पण दुरून आल्यासारखी लागते, तर पाणी जास्त झालंय.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. करी पातळ आहे म्हणजे ती बिघडली असं नाही. थायलंडमधली हिरवी करी आणि लाल करी मुळातच रसदार असतात. भातावर किंवा खनोम चिन या तांदळाच्या शेवयांवर ओतून खायच्या असतात. घट्ट, चमच्याला लपेटून बसणारी असते ती पानांग करी. हिरव्या करीला पानांगसारखं घट्ट करायच्या नादात कॉर्नफ्लोअर घालणारे बरेच भेटतात, आणि त्यांची करी चकचकीत, बुळबुळीत होते. रस पातळ पण चवीला दमदार असेल तर तिला हात लावू नका.

पेस्ट परतायची, उकळायची नाही

पेस्टमधल्या मिरची, गॅलंगल (आल्यासारखं मूळ), गवती चहा, मकरूट लिंबाची साल यांचा गंध आणि तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात कितीतरी जास्त विरघळतो. पेस्ट थेट दुधात ढवळली की ती पाण्यातच शिजते, कारण नारळाच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे कांदा-लसणाचा कच्चेपणा मोडत नाही आणि खमंगपणा येत नाही.

थाई स्वयंपाकात यावर जुना आणि सरळ उपाय आहे. दुधाचे दोन भाग करतात. वर साठलेला घट्ट साईसारखा भाग आधी कढईत घालून मध्यम आचेवर आटवतात. काही मिनिटांनी बुडबुड्यांचा आवाज बदलतो, पाण्याची खदखद थांबून चरचर सुरू होते आणि कडेला स्वच्छ तेल सुटतं. या तेलात पेस्ट परततात. पातळ दूध नंतर, रस वाढवायला.

इथे आजकाल बहुतेकांचं गाडं अडतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब. नारळातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. तापवल्यावर प्रथिनांची पकड सुटते आणि तेल वेगळं होतं. पण डब्यातल्या किंवा खोक्यातल्या दुधात ते कधीच वेगळं होऊ नये म्हणून अनेकदा ग्वार गम किंवा पॉलिसॉर्बेट ६० घातलेलं असतं (लेबलवर ई ४१२, ई ४३५ असे आकडे दिसतात). असं दूध पंधरा मिनिटं आटवलं तरी नुसतं दाट होत जातं, तेल सोडत नाही. मग लोक कंटाळून पेस्ट त्यातच टाकतात. तुमचं दूध आठ-दहा मिनिटांत तेल सोडत नसेल तर वाट बघू नका. सरळ दीड-दोन मोठे चमचे तेल कढईत घ्या, पेस्ट त्यात परता आणि दूध नंतर चमच्याचमच्याने घाला. नारळाचं तेल उत्तम, पण वास नसलेलं कुठलंही चालेल. हा उपाय शुद्धतावाद्यांना पटत नाही; चवीला मात्र पटतो.

आच मध्यम ते मंद. पेस्ट सतत खालून खरवडत राहा. चार ते सहा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा खुणा बघा: नाकात झोंबणारा कच्चा वास जाऊन खमंग वास येतो, रंग एक छटा गडद होतो, गोळा सैल होऊन कडेने रंगीत तेल दिसू लागतं. पेस्ट तळाला धरायला लागली तर पाणी नको, दोन चमचे नारळाचं दूध घाला. आणि करपली तर टाकून द्या. करपलेल्या लसणाचा कडवटपणा साखरेने जात नाही, पुढे घातलेलं सगळं साहित्यही वाया जातं.

करी आधीच करून झाली असेल आणि कच्ची लागत असेल तर? वेगळ्या छोट्या कढईत दीड चमचा तेलात एक मोठा चमचा पेस्ट तीन-चार मिनिटं परता, त्यात दोन-तीन चमचे घट्ट दूध घालून तेल सुटू द्या आणि हे सगळं करीत ओता. पाच मिनिटं मंद उकळी आणा. पूर्ण भरपाई होत नाही, पण करी खाण्याजोगी नक्की होते.

घरी पेस्ट वाटणाऱ्यांसाठी वेगळा इशारा: मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी घातलंत की तेच पाणी आधी कढईत आटवावं लागणार. पाण्याऐवजी तेल किंवा घट्ट दूध घाला. गवती चहाची पानं इथे कामाची नाहीत. दांड्याचा खालचा पांढुरका भाग घ्या, बाहेरचे टणक पापुद्रे काढा आणि अगदी पातळ आडव्या चकत्या करा, नाहीतर दोरे दातात येतात. सुक्या मिरच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून घट्ट पिळा. खलबत्त्यात करत असाल तर मिरची, मीठ आणि चिवट वस्तू आधी, कांदा-लसूण शेवटी. गॅलंगल मिळत नसेल तर त्याच्या निम्मं आलं चालेल, पण आल्याचा तिखटपणा वेगळा आणि गॅलंगलचा पाइनसारखा, किंचित लिंबाळ गंध वेगळा, हे धरूनच चाला. मकरूटची पानं वाळलेली घेण्यापेक्षा गोठवलेली घ्या. वाळलेल्यांत गंध फारसा उरत नाही.

लेबल वाचल्याशिवाय विगन म्हणू नका

तयार थाई पेस्टमध्ये ‘कापी’ म्हणजे आंबवलेल्या झिंग्याची पेस्ट असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पाकिटावर भाज्यांचं चित्र आहे यावरून काहीच ठरत नाही. घटकांच्या यादीत झिंगा, मासा, ऑयस्टर यांतलं काही आहे का बघा. अॅलर्जीच्या सूचनेतही ते बहुधा ठळक लिहिलेलं असतं. दुसरा चकवा नारळाच्या दुधाच्या पावडरीत असतो. अनेक पावडरींत सोडियम केसिनेट असतं, आणि ते गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन आहे.

थायलंडहून आलेल्या मालावर पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांत ‘जे’ हे चिन्ह दिसलं तर तो विगन माणसाला मोठा दिलासा आहे. ‘जे’ ही चिनी-थाई परंपरेतली आहारपद्धत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते आणि फुकेतमधला उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे. यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच चालत नाही. पण ‘जे’मध्ये लसूण आणि कांदाही वर्ज्य असतात! म्हणून ‘जे’ पेस्ट वापरली की करी सौम्य, थोडी पोकळ लागते आणि दोष नारळाच्या दुधावर जातो. तुम्हाला कांदा-लसूण चालत असेल तर तीन-चार छोटे कांदे आणि पाच-सहा पाकळ्या लसूण बारीक वाटून आधी तेलात परता, मग ‘जे’ पेस्ट घाला. थाई भाषेत ‘मांगसविरात’ असाही शब्द दिसेल. तो साध्या शाकाहारासाठी आहे, त्यात अंडी-दूध असू शकतं.

झिंगा काढलात, त्याच्या जागी काय आणलंत?

माझ्या मते विगन थाई करीच्या अपयशाचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. फिश सॉस आणि कापी फक्त खारटपणा देत नाहीत. आंबवताना प्रथिनं तुटून ग्लुटामेट तयार होतं, आणि तोंडात भरून राहणारी चव त्याची. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला उमामी हे नाव दिलं. दोन्ही वस्तू वगळून नुसतं मीठ घातलं तर खारटपणा येतो, भरीवपणा येत नाही. मग माणूस अजून मीठ घालतो.

नुसता सोया सॉस घातला तरी अर्धंच काम होतं. दोन वेगवेगळ्या दिशांनी भर घाला. एक, आंबवलेलं सोयाबीन: ताओ चिआओ ही थाई स्वयंपाकातली पिवळ्या सोयाबीनची खारी पेस्ट, किंवा ती नसेल तर लाल मिसो ही जपानी सोयाबीन पेस्ट. एक लहान चमचा, पेस्टसोबतच तेलात परतायचा. उत्तर थायलंडात थुआ नाओ या आंबवून वाळवलेल्या सोयाबीनच्या चकत्या भाजून कापीच्या जागी वापरतात, म्हणजे झिंग्याविना थाई चव ही काही नव्याने काढलेली पळवाट नाही. दोन, सुके शिताके मशरूम: चार-पाच मशरूम थंड पाण्यात काही तास भिजवा आणि ते तपकिरी पाणी गाळून रसात वापरा. सुक्या शिताकेत ग्वानिलेट हा उमामी वाढवणारा घटक असतो. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की उमामी नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी जाणवते. मिसो एकटा किंवा शिताके एकटे घालून बघा आणि मग दोन्ही मिळून. फरक सांगावा लागणार नाही.

सोया सॉस फिक्या रंगाचा, पातळ घ्या. गडद सॉसने हिरवी करी मातकट होते. आणि फिश सॉसच्या मापानेच सोया सॉस घातला तर मीठ थोडं कमी पडेल, कारण फिश सॉस जास्त खारा असतो. ती चिमूट शेवटी चाखून घाला. तयार पेस्ट मात्र स्वतःच भरपूर खारी असते. म्हणून आधी चाखा, मग सॉस.

ताडगूळ किंवा पाम साखर एक-दोन लहान चमचे. ती करी गोड करायला नसते, मिरचीची आणि मिठाची धार बोथट करायला असते. गोडी जाणवली की जास्त झाली. लिंबाचं म्हणाल तर हिरव्या-लाल करीत ते सहसा पिळत नाहीत, आंबट असतं ते टॉम यम सूप. करी जड वाटली तर आच बंद करून काही थेंब, बस.

भाज्यांचं पाणी

सगळ्या भाज्या एकदम टाकणं हा सोपा मार्ग, आणि लगद्याकडे जाणाराही. रस उकळल्यावर बटाटा, गाजर, लाल भोपळा आधी. त्यांना दहा ते पंधरा मिनिटं लागतात. फरसबी, बेबी कॉर्न, फ्लॉवर यांना पाच-सात. ब्रोकोलीला तीन-चार. ढोबळी मिरचीला दोन. पालकाला एक मिनिटही पुरे. थाई बेसिलची पानं आच बंद केल्यावर.

पाणी सोडणाऱ्या भाज्या म्हणजे मशरूम, झुकिनी, वांगं. या थेट रसात गेल्या की रस पातळ होतोच, वर झाकण ठेवलं असेल तर वाफही परत आत. मशरूम आणि झुकिनी वेगळ्या कोरड्या कढईत मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परता आणि शेवटी मिसळा. वांग्याचे तुकडे थोड्या तेलात आधी सोनेरी करून घ्या. डब्यातले बांबूचे कोंब निथळून ताज्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, त्यांचा आंबूस वास सगळ्या करीला लागतो. टोफू घट्टच घ्या, फडक्यात दाबून पाणी काढा, मग तव्यावर सोनेरी होईपर्यंत भाजा. न दाबलेला टोफू रसात पाणी सोडतो आणि स्वतः अळणी राहतो.

मसमन करी करताना बटाटे शिजत नाहीत अशी तक्रार असेल तर चिंच कधी घातली ते आठवा. आंबटात बटाटा कडक राहतो. बटाटा मऊ झाल्यावरच चिंचेचा कोळ घाला.

दूध फाटलं, रंग गेला, तिखट झालं

कडेला रंगीत तेलाचा तवंग आला तर ते फाटणं नव्हे, तेच हवं होतं. पांढरे दाणे तरंगत असतील तर मात्र प्रथिनं गोठली आहेत: आच मोठी होती, किंवा आंबट लवकर पडलं. खायला काही हरकत नाही. दिसायला नकोसं वाटत असेल तर भाज्या बाजूला काढून रस हँड ब्लेंडरने फिरवा. पुढच्या वेळी पातळ दूध घातल्यावर आच कमी, झाकण नको, आणि खळखळ उकळी अजिबात नको.

हिरवा रंग मिरचीच्या आणि पानांच्या हरितद्रव्याचा. जास्त वेळ उष्णता आणि आंबट या दोन्हींनी तो शेवाळी होतो. पोपटी करी हवी असेल तर मूठभर बेसिल थोड्या नारळाच्या दुधात वाटून अगदी शेवटी घाला.

तिखट झालं तर पाणी घालू नका, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. घट्ट नारळाचं दूध आणि थोडी साखर घाला, किंवा भाजी-टोफूचं प्रमाण वाढवा.

आणि ‘लाइट’ दुधाकडून अपेक्षा ठेवू नका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के स्निग्धांश लागतो, लाइट दुधात ५ टक्के पुरतो. त्यात पेस्ट परतण्याइतकं तेलच नसतं.

चौघांसाठी एक भरवशाचं माप

लागेल ते असं: घट्ट नारळाचं दूध ४०० मिली, पेस्ट ५० ग्रॅम (सुमारे तीन मोठे चमचे), तेल एक मोठा चमचा, ताओ चिआओ किंवा मिसो एक लहान चमचा, शिताकेचं पाणी १०० मिली, भाज्या ५०० ग्रॅम, टोफू २०० ग्रॅम, फिका सोया सॉस एक मोठा चमचा, पाम साखर दोन लहान चमचे, मकरूटची पाच-सहा पानं, थाई बेसिल मूठभर.

दुधाचा डबा न हलवता उघडा आणि वरचा घट्ट थर, सुमारे १०० मिली, तेलासोबत कढईत घाला. तेल सुटलं, किंवा दूध सोडतच नाही हे कळलं, की पेस्ट आणि मिसो घाला आणि वर सांगितलेल्या खुणा दिसेपर्यंत परता. मकरूटची पानं मधली शीर काढून, फाडून टाका. अर्धं उरलेलं दूध घालून पुन्हा तवंग येऊ द्या. मग शिताकेचं पाणी आणि राहिलेलं दूध. मंद उकळीला भाज्या वर दिलेल्या क्रमाने, भिजवलेले शिताके चिरून त्यांच्यातच. साखर आणि सॉस भाज्या जवळजवळ शिजल्यावर, चाखत चाखत. टोफू शेवटची तीन मिनिटं. आच बंद करून बेसिल.

दुसऱ्या दिवसासाठी करायची असेल तर रस तेवढा करून फ्रिजमध्ये ठेवा. नारळाची चरबी थिजून रस गोळा झाल्यासारखा दिसेल. मंद आचेवर तो पूर्ववत होतो, मोठ्या आचेवर दाणेदार होतो. भाज्या मात्र खायच्या वेळीच त्यात घाला.